शमीमबाईंचा सस्तन विभाग

परवा शाळेचा वार्षिक अंक हाती आला. गुळगुळीत कागद, पानोपानी हसणारी मुलं आणि मधोमध एका खोलीचा फोटो. दाराला लाल रिबीन, रिबिनीला कात्री आणि कात्रीमागे आमचे अॅकॅडमिक डायरेक्टर मेहरोत्रा. महिला कर्मचाऱ्यांच्या आरोग्याची काळजी घेणं ही आमच्या संस्थेची परंपरा आहे, असं खाली छापलं होतं. ती खोली ज्या बाईमुळे झाली, तिचं नाव अंकात शोधायचे कष्ट मी घेतले नाहीत. सापडलं असतं तर मलाच धक्का बसला असता.

शमीम मुकादम. कतारमध्ये, दोह्यातल्या आमच्या भारतीय शाळेत त्या वरच्या वर्गांना जीवशास्त्र शिकवायच्या, मी गणित. त्या हर्णैच्या, मी नाशिकची. स्टाफरूममध्ये मराठी येणाऱ्या आम्ही दोघीच. बाकीच्यांबद्दल त्यांना जे म्हणायचं असे ते सगळं बिनदिक्कत, मोठ्या आवाजात, माझ्या कानात ओतलं जायचं. समोर बसलेल्या माणसाकडे पाहून गोड हसत त्या मला मराठीत सांगायच्या, “याच्या डोक्यात मेंदूची जागा आहे, भाडेकरू अजून आलेला नाही.” तो बिचारा उलट हसायचा. मला मात्र खोकल्याचं सोंग करत बाहेर पळावं लागायचं.

त्यांच्याबद्दल चांगलं बोलणारं माणूस शाळेत शोधूनही सापडलं नसतं आणि याचा त्यांना विषाद नव्हता. बुटका, चौकोनी बांधा. ओढणी छातीवरून आडवी घेऊन कमरेशी गाठ मारलेली, सलवारीखाली पुरुषी स्पोर्ट्स शूज. उजवा गुडघा कामातून गेलेला, त्यामुळे जिना खेकड्यासारखा तिरका चढायच्या. कुणी हात पुढे केला तर त्याच्याकडे अशा बघायच्या, की हात आपोआप खिशात जाई. घरी त्या एकट्याच असत. नवऱ्याबद्दल कुणी काही सांगे, कुणी काही. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्यांचा एक शब्द होता. वर्गात एखादी मुलगी उत्साहानं म्हणाली, “मॅम, द आय इज सो परफेक्ट!” की बाई खडू खाली ठेवायच्या. म्हणायच्या इंग्रजीत, पण तो शब्द मराठीतच यायचा. “परफेक्ट नाही. चालून गेलं, एवढंच.” शरीराचा प्रत्येक भाग हा कधीतरी दुसऱ्याच कामाचा होता, तो ओढूनताणून नव्या कामाला लावला आणि निभावलं, हे त्यांच्या शिकवण्याचं सार. “तुझ्या गणितात चूक खोडता येते गो,” त्या मला म्हणायच्या, “आमच्यात चुकीवरच पुढचा मजला चढवतात.” त्यांच्या वर्गातली मुलं तो शब्द उचलायची. ज्यांना घरी मराठीत हाक मारली तर इंग्रजीतच ओ देता यायची, ती पोरं कॉरिडॉरमध्ये एकमेकांना म्हणायची, “चालून गेलं, ब्रो.” मेहरोत्रा नव्यानं डायरेक्टर होऊन आले तेव्हा त्यांचं पहिलं भाषण ऐकून बाईंनी माझ्या कानात निकाल दिला, “चालून गेलेला माणूस.”

एकदा एक पालक आले. राहायला पर्लमध्ये, म्हणजे श्रीमंतांच्या बेटावर, कुठल्याशा बँकेत वरच्या खुर्चीवर. मुलानं पेपरात ‘माणूस हा सर्वांत उत्क्रांत प्राणी आहे’ असं लिहिलं होतं आणि बाईंनी त्याला शून्य दिलं होतं. गृहस्थांनी इंग्रजीत तोफ डागली. बाईंनी त्यांच्या गळ्यातल्या पासवरचं आडनाव वाचलं आणि मराठीत म्हणाल्या, “बसा. सावकाश भांडू.”

गृहस्थ एकदम खुलले. “अरे वा! मॅडम, तुम्ही मराठी फारच छान बोलता!”

“तुम्हीही बरं बोलता,” बाई म्हणाल्या. “कुठे शिकलात?”

मी समोरच्या वह्यांत तोंड खुपसलं.

“नाही, म्हणजे... नावावरून मला वाटलं...”

“काय वाटलं ते कळलं. बसा.”

ते बसले, पण एक हात मागे टेकवत, जपून. बाईंची नजर तिथेच खिळली. “कंबरेला पट्टा आहे?”

“हो, डिस्कचा त्रास आहे. पण त्याचा इथे काय...”

“मांजराच्या कंबरेला कधी पट्टा लावलेला पाहिलात? पाठीचा कणा म्हणजे आडवा पूल होता. चार खांबांवर टाकलेला, खाली पोट टांगलेलं. आपल्या पूर्वजांनी त्याच पुलाला उभं करून मनोरा केला. नवीन सामान मागवलं नाही. म्हणून तुमची डिस्क सरकते, माझा गुडघा रडतो आणि बायकांची बाळंतपणं अडतात. वटवाघूळ तुमच्याइतकंच उत्क्रांत आहे, वर त्याला उडता येतं.”

“पण बुद्धीचं काय?”

“ती असती तर एका गुणासाठी ऑफिस बुडवून इथे आला नसतात.”

शून्य शून्यच राहिलं. गृहस्थांनी तक्रार केली, मेहरोत्रांनी समज दिली. बाईंनी ती समज ऐकून घेतली आणि स्टाफरूममध्ये येऊन मला म्हणाल्या, “सरड्याच्या जबड्यातली हाडं सस्तन प्राण्यात सरकत सरकत कानात गेली. म्हणजे चावणं कमी करा आणि ऐकणं वाढवा, अशी वरून सूचनाच आहे. मेहरोत्रापर्यंत ती पोचलेली नाही.”

मी हसले. पण प्रत्येक वेळी हसू येण्यासारखं नसायचं. आमच्या चित्रकलेच्या मीनाक्षीनं प्राथमिकच्या भिंतीवर समुद्र रंगवला होता. दोन आठवडे शिडीवर चढून, शाळा सुटल्यावर, प्रेमानं. मध्ये एक भलामोठा निळा देवमासा, डोळ्यांत माया असलेला. पोरं जाता येता त्याला हात लावायची. बाई एका मधल्या सुट्टीत तिथून तिरक्या तिरक्या गेल्या, थांबल्या आणि खडूनं देवमाशाखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘फिश’. कारण मीनाक्षीनं शेपूट माशासारखं उभं काढलं होतं. देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चार पायांनी धावत होते, धावताना पाठ वर-खाली वाकायची, पाण्यात गेल्यावरही तीच सवय राहिली, म्हणून त्याचं शेपूट आडवं आणि वर-खाली मारणारं. हे बरोबर होतं. मीनाक्षी बाथरूममध्ये जाऊन रडली, हेही खरं होतं.

“बाई, तिला बाजूला घेऊन सांगता आलं असतं,” मी म्हणाले.

“सांगितलं असतं तर ती ‘येस मॅम’ म्हणाली असती. रडून शेपूट आडवं होत नाही, पण पुढचं तरी ती नीट काढेल.”

माफी त्यांनी मागितली नाही. मीनाक्षी पुढे कधी त्यांच्याशी बोलली नाही आणि माझ्या मते तिचं बरोबरच होतं.

अल नस्र भागातल्या त्यांच्या इमारतीतही हीच तऱ्हा. तिथं कोकणातली बरीच कुटुंबं होती आणि शेजारच्या शकीलाभाभी महाडच्या. एके दिवशी बाईंनी त्यांच्याकडून दावतीचा मोठा टोप मागून आणला. भाभींना वाटलं, एवढ्या वर्षांनी शमीमच्या घरी चार माणसं जेवणार. त्या आनंदानं टोपाबरोबर लोणच्याची बरणीही देऊन गेल्या. दुपारनंतर मजल्यावरच्या सगळ्या खिडक्या एकेक करून बंद झाल्या. शेवटी भाभी नाकाला पदर लावून दारात आल्या.

“काय शिजवतेस गो? वास कसला?”

“उंट.”

“उंटाचं काय?”

“डोकं. कवटी हवीय मला, वर्गात दाखवायला. मांस सुटायला अजून वेळ लागेल.”

बाईंनी बाजारातल्या खाटकाकडून डोकं आणून धुण्याच्या सोड्यात उकळायला ठेवलं होतं. भाभींनी टोपाकडे शेवटचं एकदा पाहिलं. “ठेव तो तुलाच,” त्या म्हणाल्या. “खलास.” आणि लोणच्याची बरणी तेवढी उचलून घेऊन गेल्या.

ती कवटी बाल्कनीत वाळली, शाळेत आली आणि बाईंनी ती करवतीनं मधोमध उभी कापली. मीही बघायला गेले होते. उंटाच्या नाकात काय असेल, एक भोक असेल, असं मला वाटायचं. आत कागदाच्या सुरळ्यांसारखी हाडांची पातळ गुंडाळी होती, पदरावर पदर. बाहेर जाणारा श्वास त्या पदरांवर थंड होतो आणि त्यातलं पाणी तिथंच राहतं, बाई सांगत होत्या. उंट पाणी मदारीत भरून ठेवतो असं लिहिणाऱ्यांनी त्याच्या नाकात एकदा डोकवावं. मदार म्हणजे चरबीची नुसती गाठोडी. “तुम्ही एसी बसमधून उतरून एसी वर्गात येता आणि गरम होतं म्हणून रडता. तो एसी नाकात घेऊन हिंडतो.” मुलं हसली नाहीत. ती त्या सुरळ्यांकडे बघत राहिली. त्या दिवशी मला प्रथमच कळलं, की मुलं या बाईला का सहन करतात.

आणि मग जिनीचं प्रकरण झालं.

जिनी प्राथमिकला कॉम्प्युटर शिकवायची. त्रिशूरकडची, लाजाळू, हिंदी मोडकीतोडकी. पहिलं बाळंतपण उरकून ती कामावर परतली तेव्हा बाळ अजून मान धरत नव्हतं. तिला दूध खूप यायचं. तिसऱ्या तासापर्यंत ती छातीशी फाईल धरून शिकवायला लागायची आणि मागच्या बाकावरची पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायची. सुट्टी झाली की ती बाथरूममध्ये जाऊन, दार लावून, उभ्यानं पंपानं दूध काढायची. बाहेर बायकांची रांग. बरंचसं दूध ती तिथेच ओतून द्यायची, कारण ठेवणार कुठे? तिनं एक खोली मागितली. मेहरोत्रांनी तिला “अॅडजस्ट कीजिए” असं सांगितलं. त्यांच्या खोलीच्या शेजारी एक अख्खी खोली जुन्या ट्रॉफ्या ठेवायला होती.

शमीमबाईंना हे कळलं ते बाथरूमच्या रांगेत. दार उघडून जिनी डोळे पुसत बाहेर आली. बाईंनी तिला जवळ वगैरे घेतलं नाही. उलट तिच्यावरच कडाडल्या. “क्या चोरी कर रही हो? अं? मग लपतेस कशाला? चल.”

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेमागे तयारीची एक लहान खोली होती. आत कडी, एक खुर्ची, एक फ्रिज. बाईंनी फ्रिजमधले सगळे नमुने खालच्या कप्प्यात कोंबले, वरचा कप्पा डेटॉलनं पुसला आणि त्यावर चिठ्ठी चिकटवली: ‘सस्तन. ताजं. हात लावू नये.’ ती इंग्रजीतही होती, म्हणजे न कळल्याची सबब कुणाला नको. दारावर पाटी: ‘सस्तन विभाग. प्रयोग चालू आहे.’ जिनीला म्हणाल्या, “रोज ये. कुणी विचारलं तर माझ्याकडे पाठव. आणि ती फाईल खाली ठेव, तुझं काही लपवण्यासारखं झालेलं नाही.”

हळूहळू आणखी दोघी यायला लागल्या. एक ऑफिसातली, एक नर्सरीची. सुट्टीत त्या खोलीतून हसण्याचे आवाज येत. बाई बाहेर स्टूल टाकून डबा खात बसायच्या आणि जवळून जाणाऱ्या प्रत्येक पुरुषाकडे त्यानं काहीतरी फोडलंय अशा नजरेनं बघायच्या.

महिनाभरानं मॅनेजमेंट कमिटीची मंडळी पाहणीला आली. मेहरोत्रा पुढे, मागे सुटातले चार जण. मी शेजारच्या वर्गात होते, दार उघडं होतं. तयारीच्या खोलीला कडी आणि समोर बाई.

“यह रूम खोलिए, मॅम.”

“अभी नहीं. एक्सपेरिमेंट चल रहा है.”

मेहरोत्रांनी पाटी वाचली. बहुधा आधीच कुणीतरी कानावर घातलं होतं, कारण त्यांचा चेहरा लगेच लाल झाला. “ये सब चीजों की एक जगह होती है.”

“कौन सी?”

“वॉशरूम है ना.”

“आपने आज नाश्ता वहीं किया?”

कमिटीतल्या एकानं घसा खाकरला. मेहरोत्रा आवाज चढवून म्हणाले, “मॅम, ये स्कूल है, नर्सरी नहीं!”

बाईंनी शांतपणे खिडकीतून खाली बोट दाखवलं. खाली रंगीत अक्षरांत बोर्ड होता, ‘नर्सरी अँड के.जी. विंग’. माझ्या वर्गातली मुलं आता लिहायची थांबली होती.

“आप लिमिट क्रॉस कर रही हैं. वैसे भी, आप मॅमल्स के चॅप्टर में कुछ शब्द जरूरत से ज्यादा बोलती हैं. पॅरेंट्स को अच्छा नहीं लगता.”

आता बाई स्टुलावरून उठल्या. गुडघ्यामुळे वेळ लागला आणि तेवढा वेळ सगळे उभे राहिले. “सर,” त्या हिंदीत म्हणाल्या, “त्या शब्दावरूनच सगळ्या प्राणिवर्गाला नाव पडलंय. तो गाळला तर मी मुलांना काय सांगू, की आपण ‘ते’ प्राणी आहोत? आणि तुम्ही अंड्यातून आला असलात तरी सुटका नाही. प्लॅटिपसची मादी अंडी घालते, पण पिल्लांना दूध तिलाही पाजावंच लागतं. तिला तर बिचारीला स्तनाग्रंसुद्धा नाहीत, कातडीतून पाझरतं आणि पिल्लं चाटतात. तिची सोय होते. जिनीची या इमारतीत होत नाही.”

कडी आतून निघाली. जिनी बाहेर आली. फाईल नव्हती. हातात बाटली होती. ती त्या पाच पुरुषांच्या मधून चालत गेली आणि जाताना कमिटीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला “गुड मॉर्निंग, सर” म्हणाली. म्हातारा बाजूला झाला आणि त्यानं मान लववली.

त्यानंतर जे झालं ते आमच्या शाळेच्या चालीला धरूनच झालं. कमिटीनं मेहरोत्रांना विचारलं, कायद्यानं बाईला दूध पाजायला रोज वेळ द्यायचा असतो, तो देता का? मेहरोत्रांनी ट्रॉफ्यांची खोली रिकामी केली, भिंतींना गुलाबी रंग दिला, सोफा आणला आणि ‘वेलनेस रूम’ अशी पाटी लावून स्वतःच्या हातानं उद्घाटन केलं. भाषणात आपल्या मातोश्रींची आठवण काढून डोळेही पुसले. आणि वर्ष संपताना शमीमबाईंचा करार पुढे वाढवण्यात आला नाही. कारण काय, तर ‘रिस्ट्रक्चरिंग’.

“हाडांची होते तशी?” बाईंनी एचआरच्या मुलीला विचारलं. तिला ते कळलं नाही.

जिनी राजीनामा द्यायला निघाली होती. बाईंनी तिला दारातच अडवलं. “मूर्ख आहेस का? मेहरोत्राला तेवढंच हवंय. सोफा आलाय, बस त्याच्यावर. मोठ्यानं हसत बस, त्याच्या खोलीत ऐकू जाऊ दे.” मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, “वेलनेस म्हणे. साधं दुधाचं नाव घ्यायला यांची जीभ जळते.” आवाज नेहमीसारखाच होता. पण ओढणीची गाठ त्या सोडत होत्या, पुन्हा बांधत होत्या, पुन्हा सोडत होत्या. या देशात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. शाळेनं निरोपाला केकसुद्धा कापला नाही.

नोकरीबरोबर व्हिसाही गेला. भारतात परतायच्या आधीच्या शुक्रवारी त्यांचा फोन आला. “गाडी काढ. मला उत्तरेला ने.”

“कुठे?”

“अल रुवैस. इथली एक शेजारीण बघायची राहिलीय. समुद्री गाय. थंडीत कळपानं येतात, अजून गेल्या नसतील तर दिसतील.”

हर्णैचा एक अस्लमभाई तिथं मासेमारीच्या बोटीवर होता. त्यानं मालकाला विचारून लहान होडी काढली. समुद्र सपाट, पाणी हिरवं, उथळ. खाली समुद्रगवताचे पट्टे दिसत होते. बाई पुढच्या फळीवर बसल्या होत्या आणि मला ऐकवत होत्या, की खलाशी या प्राण्याला जलपरी समजत, यावरून त्यांची किती महिने बायकोशी गाठ पडली नव्हती ते कळतं. ही हत्तीची दूरची बहीण. बरगड्या दगडासारख्या भरीव, तळाशी टिकून राहायला वजन हवं म्हणून. मागचे पाय गेले, आत हाडाचे दोन तुकडे तेवढे उरले.

अस्लमभाईनं इंजिन बंद केलं. आम्ही थांबलो. ऊन चढायला लागलं. मला वाटलं, हेही फसणार.

“येईल,” बाई म्हणाल्या. “कितीही पाण्यात मुरली तरी फुप्फुसं जमिनीवरचीच आहेत. श्वासाला वर यावंच लागतं.” मग जरा वेळानं, पाण्याकडे बघून वैतागून, “यल्ला, ये की गो!”

आणि ती आली. होडीपासून दोन वल्ह्यांवर पाणी फुगलं, एक करडं, केसाळ, बोथट तोंड वर आलं, वरच्या अंगाला दोन नाकपुड्या झाकणासारख्या उघडल्या, मोठ्यानं फुस्स झालं आणि झाकणं मिटली. पाठ वळली, आडवं शेपूट क्षणभर दिसलं, संपलं.

मी बाईंकडे पाहिलं. मला वाटलं, आता एखादा टोमणा येईल.

“किती कुरूप आहे!” त्या म्हणाल्या. इतक्या आनंदानं कुणाला कुरूप म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. “आणि बघितलंस? ढुंकून पाहिलं नाही माझ्याकडे.”

त्या फळीवरून उठल्या आणि दुखरा गुडघा टेकून होडीच्या काठावर ओणवल्या. ओढणीचं टोक पाण्यात पडलं होतं, त्यांचं लक्ष नव्हतं. लांब आणखी कुठेतरी फुस्स झालं, मग त्याच्याही पलीकडे.

“चलायचं का बाई?” अस्लमभाईनं विचारलं. “मालक वाट बघेल.”

मागं न वळता त्यांनी ‘थांब’ म्हणून एक हात वर केला, आणि अस्लमभाईनं इंजिनाकडे नेलेला हात मागे घेतला.